जन्मतारखेच्या तीन चौकटी

मावशी साताऱ्यात राहते. वय पंच्याहत्तर. गेल्या पावसाळ्यात तिला एका योजनेचा अर्ज मोबाइलवरून भरायचा होता आणि तो आपणच भरायचा असा तिचा हट्ट होता. सेवा केंद्रात जायचं, कुणाच्या तरी हाती फोन द्यायचा आणि तो काय भरतोय ते कळत नसताना मान हलवत बसायचं, हे तिला नको होतं. मी शेजारी बसले होते. नाव झालं, पत्ता झाला. जन्मतारखेपाशी गाडं अडलं. चौकटीला बोट लावल्याबरोबर चालू महिन्याचं कॅलेंडर उघडलं. वरच्या कोपऱ्यात मागे नेणारा एक बारीक बाण. एकदा दाबला की एक महिना मागे.

मावशी दाबत राहिली. बऱ्याच वेळाने म्हणाली, “अगं, दोन हजार बाराच आलंय अजून. मी पन्नास सालची. कधी पोचायचं हे?”

“वर ते वर्ष दिसतंय ना, त्यावर बोट ठेव. वर्षांची यादी उघडेल.”

“ते तुला ठाऊक. मला कुठं लिहून दिलंय त्यांनी?”

पंच्याहत्तर वर्षांचे नऊशे महिने होतात.

मी पुण्यात डिजिटल उत्पादनं बनवणाऱ्या टीममध्ये काम करते आणि माझा रोजचा विषय ‘डिझाइन सिस्टम’ हा आहे. ॲपमध्ये किंवा संकेतस्थळावर पुन्हा पुन्हा लागणाऱ्या गोष्टी, म्हणजे बटणं, चौकटी, याद्या, चूक दाखवणारे संदेश, शिवाय त्यांचे रंग, अक्षरं, अंतरं, आणि यातलं काय केव्हा वापरायचं याचे नियम, हे सगळं एके ठिकाणी बांधून सगळ्या टीमना पुरवायचं, असं ते काम. त्यामुळे मावशीचा प्रश्न मला लागला. ते कॅलेंडर तिथे कुणी विचार करून ठेवलेलं नव्हतं. तयार कोडच्या संग्रहात ‘तारीख’ नावाचा एक भाग असतो. अर्जात तारीख हवी होती, डेव्हलपरने तो उचलून बसवला, पुढच्या कामाला लागला. पुढच्या महिन्यातली एसटीची तारीख निवडायला तो भाग उत्तम आहे, कारण तिथे वार बघायचा असतो, सुट्टी बघायची असते. जन्मतारीख कुणी निवडत नाही. ती पाठ असते, नुसती लिहायची असते.

* * *

ब्रिटिश सरकारच्या डिझाइन सिस्टममध्ये या प्रश्नाचं उत्तर लिहून ठेवलेलं आहे आणि ते जगात कुणालाही वाचता येतं. माणसाला आधीच माहीत असलेली तारीख विचारायची असेल तर तीन साध्या चौकटी द्या: दिवस, महिना, वर्ष. एक चौकट भरली की आपोआप पुढच्या चौकटीत ढकलू नका, माणूस गोंधळतो. महिना आकड्यात लिहिला तरी घ्या, नावाने लिहिला तरी घ्या. वर्ष राहून गेलं तर ‘तारीख चुकीची आहे’ असं मोघम न सांगता वर्ष लिहायचं राहिलंय, असं सांगा. अशा सल्ल्यांमागे कुणीतरी खऱ्या माणसांना अर्ज भरताना शेजारी बसून पाहिलेलं आहे. साताऱ्यात मी एकदा बसले. ते लोक अनेक खात्यांत, अनेक वर्षं, तेच काम म्हणून बसले आणि जे दिसलं ते पुढच्यासाठी लिहून ठेवत गेले.

याची सुरुवात २०१० सालच्या नोव्हेंबरातली. उद्योजिका मार्था लेन फॉक्स यांनी ब्रिटिश सरकारच्या ऑनलाइन कारभाराचा आढावा घेऊन अहवाल दिला. तेव्हा नागरिकांसाठी ‘डायरेक्टगव्ह’, व्यावसायिकांसाठी ‘बिझनेस लिंक’, शिवाय प्रत्येक खात्याचं, मंडळाचं, उपसंस्थेचं आपापलं संकेतस्थळ असा पसारा होता. डागडुजीने भागणार नाही, मुळापासून बदल हवा आणि नागरिकाला समोर जे दिसतं त्यावर एका मध्यवर्ती टीमचा अधिकार हवा, हे त्यांनी स्वच्छ सांगितलं. २०११ मध्ये ‘गव्हर्न्मेंट डिजिटल सर्व्हिस’ उभी राहिली. माइक ब्रॅकन तिचे प्रमुख होते, डिझाइनची बाजू बेन टेरेट यांच्याकडे होती. १७ ऑक्टोबर २०१२ रोजी ‘गव्ह.यूके’ सुरू झालं आणि २०१४ संपेपर्यंत तीनशेहून अधिक सरकारी संस्था आपली वेगळी घरं सोडून तिथे आल्या.

दिसायला ते काय आहे? पांढऱ्या पानावर मोठी काळी अक्षरं, निळे दुवे, एक हिरवं बटण. लंडनच्या डिझाइन म्युझियमने २०१३ मध्ये यालाच ‘डिझाइन ऑफ द इयर’ ठरवलं. त्या अक्षरांचं घराणंही सांगण्यासारखं आहे. जॉक किनिअर आणि मार्गारेट कॅल्व्हर्ट या दोघांनी १९५०-६०च्या दशकांत ब्रिटनच्या रस्त्यांवरच्या पाट्या नव्याने घडवल्या. वेगात जाणाऱ्या चालकाला दुरून, पावसात, क्षणभरात वाचता यावं म्हणून त्यांनी ‘ट्रान्सपोर्ट’ हे अक्षर केलं. पुढे कॅल्व्हर्ट यांनी हेन्रिक कुबेल यांच्यासोबत त्याची नवी आवृत्ती केली आणि तीच गव्ह.यूकेवर आली. गावागावात वेगळ्या पाट्या असलेल्या देशात एकच पाटी-पद्धत आणणं आणि खात्याखात्यात वेगळे अर्ज असलेल्या सरकारात एकच अर्ज-पद्धत आणणं, दोन्हींची जात एक आहे.

२०१२ ते २०१८ या काळात मात्र एक अडचण वाढत गेली. खात्यांच्या टीमना मध्यवर्ती टीमचं काम आवडलं, म्हणून त्या कोड उचलून आपापल्याकडे नेत आणि गरजेप्रमाणे बदलत. मूळ जागी एखादी चूक दुरुस्त झाली तरी नेलेल्या प्रती जुन्याच राहत. शिवाय एका खात्याला जे कळलं ते दुसऱ्याला कळत नसे. पत्ता कसा विचारावा याचा शोध प्रत्येक जण आपला आपण लावत बसे. २०१८च्या जूनमध्ये ‘गव्ह.यूके डिझाइन सिस्टम’ जाहीर झाली ती यावर उपाय म्हणून. तिच्यात तीन थर आहेत. रंग, अक्षर, अंतर यांचे नियम हा पहिला. बटण, चौकट, तारीख यांसारखे भाग, म्हणजे कम्पोनंट, हा दुसरा. तिसरा थर पॅटर्नचा: नाव कसं विचारावं, पत्ता कसा विचारावा, चूक झाली तर काय करावं. सोबत कोडचा एक गठ्ठा, ज्याची नवी आवृत्ती आली की टीमने ती बसवायची.

यातलं मला सर्वांत मोलाचं वाटतं ते अनेक कम्पोनंटच्या पानांवरचं एक उपशीर्षक: हे केव्हा वापरू नये. आपल्याकडच्या किती डिझाइन सिस्टममध्ये हे असतं? चित्रं असतात, रंगांच्या सुंदर पट्ट्या असतात, बटणाच्या आठ अवस्था असतात, पण ‘इथे हे घेऊ नका’ असं सांगायला कुणी धजत नाही. ब्रिटिश पानावर उघडणाऱ्या यादीबद्दल, जिला आम्ही ड्रॉपडाउन म्हणतो, सरळ सांगितलं आहे की ती शेवटचा पर्याय म्हणून वापरा, कारण काही जणांना ती वापरणं फार अवघड जातं. हे वाक्य साताऱ्यापर्यंत पोचलं असतं तर मावशीने जिल्हा-तालुका-गाव या तीन याद्यांत अर्धा तास घालवला नसता.

नवा भाग आत घ्यायचा असेल तर त्याचीही रीत उघडी आहे. प्रस्ताव कुणीही मांडावा. तो उपयोगी आहे का आणि आधीच्या कशाची पुनरावृत्ती तर नाही ना, हे पाहिलं जातं. प्रसिद्ध होण्याआधी तो वापरून पाहिलेला, बाकीच्यांशी सुसंगत आणि वेगवेगळ्या सेवांत चालणारा असावा लागतो. ते तपासायला वेगवेगळ्या खात्यांतल्या लोकांचा एक गट आहे. मध्यवर्ती टीम एकटी ठरवत नाही. चर्चा सगळ्यांना वाचता येईल अशी राहते, त्यामुळे पाच वर्षांनी येणाऱ्या डिझाइनरला ‘हे असं का?’ याचं उत्तर सापडतं.

* * *

एकदा ठरलेली गोष्ट पुन्हा कशी तपासतात, याची एक हकीकत मी नव्या सहकाऱ्यांना हमखास सांगते. वेबच्या भाषेत आकड्यांसाठी एक खास चौकट असते. नाव ‘नंबर’. आकडा हवा तर ती वापरावी, यात कुणाला काय शंका येणार? ब्रिटिश टीमनेही ती सुचवली होती. मग तक्रारी जमू लागल्या. माणूस आकडा लिहून पान खाली सरकवायला माउसचं चाक फिरवतो आणि चौकटीतला आकडाच नकळत बदलतो. बोलून लिहिण्याच्या सॉफ्टवेअरला ती चौकट नीट हाताळता येत नाही. दृष्टिहीनांसाठीच्या एका स्क्रीन रीडरमध्ये ती कधीकधी नावाशिवाय ऐकू येते. टीमने तपासलं, पडताळलं आणि २०२०च्या फेब्रुवारीत निर्णय बदलला: साधी मजकुराची चौकट घ्या आणि मोबाइलला फक्त आकड्यांचा कीबोर्ड दाखवायला सांगा. का बदललं तेही जाहीर लिहिलं.

दुसरी हकीकत पिवळ्या रंगाची. माउस न वापरता कीबोर्डवरून पुढे पुढे जाणाऱ्या माणसाला आपण आत्ता कुठे आहोत हे दिसावं लागतं. त्यासाठी गव्ह.यूकेवर नारिंगीकडे झुकणारी पिवळी कड होती. पांढऱ्यावर ती फिकी पडे. ब्रिटनमध्ये २०१८ साली सरकारी संकेतस्थळांच्या सुगम्यतेचे नियम लागू झाले, आणि जुन्या संकेतस्थळांना २३ सप्टेंबर २०२० ही मुदत मिळाली. त्याआधीच, २०१९च्या जुलैमध्ये, सिस्टमच्या तिसऱ्या आवृत्तीत ठळक पिवळा आणि त्याला जाड काळ्याची जोड आली. ज्या सेवा सिस्टमवर होत्या त्यांनी नवी आवृत्ती घेतली. ज्यांनी कोड उचलून आपल्यापुरता बदलून ठेवला होता, त्यांना हे काम पानोपानी हाताने करावं लागलं.

मराठी वाचकाला हे खिळ्यांच्या छपाईतून चटकन उमगेल. जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्याची देवनागरी अक्षरं नावाजली गेली, कारण मूळ साचा कोरतानाच जीव ओतलेला होता. साचा एकदा चांगला झाला की त्यातून पडणारा प्रत्येक खिळा चांगला, आणि त्या खिळ्यांनी छापलेलं प्रत्येक पुस्तक वाचनीय. साच्यात खोट राहिली तर तीही प्रत्येक पानावर. डिझाइन सिस्टम हा साचा आहे. तिचं सामर्थ्य आणि तिचा धोका एकाच ठिकाणी राहतात.

या कामाचं इंग्रजी वाङ्मय आता मोठं आहे. न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेसाठी मासिमो विन्येली आणि बॉब नूर्डा यांनी केलेली १९७० सालची पाट्यांची नियमपुस्तिका डिझाइनर आजही चाळतात. ख्रिस्तोफर अलेक्झांडर या वास्तुतज्ज्ञाने १९७७ मध्ये घर, गल्ली, गाव यांच्या २५३ आकृतिबंधांचा ग्रंथ काढला. ‘पॅटर्न’ हा शब्द सॉफ्टवेअरमध्ये रुजला त्यात त्याचा मोठा वाटा. ब्रॅड फ्रॉस्ट यांनी २०१३ मध्ये अणू, रेणू, सजीव अशी उतरंड लावून पडद्याची फोड करून दाखवली, गूगलने २०१४ मध्ये ‘मटीरिअल डिझाइन’ आणलं, सेल्सफोर्समधून ‘डिझाइन टोकन’ ही कल्पना आली. टोकन म्हणजे रंगाला त्याच्या कामाचं नाव देणं. ‘लाल’ म्हणायचं नाही, ‘चूक’ म्हणायचं. मग उद्या लाल बदलला तरी चूक चूकच राहते. हे सगळं उपयोगाचं आहे आणि ते शिकायला भरपूर जागा आहेत. मला इथे थांबायचं आहे ते वेगळ्या ठिकाणी.

* * *

काही वर्षांपूर्वी मी एका कंपनीत होते. आम्ही मोठ्या कष्टाने सिस्टम उभी केली होती. बटणाची उंची ठरलेली, आतलं अंतर ठरलेलं, अक्षरांत थोडी मोकळीक, सगळी अक्षरं मोठी, म्हणजे कॅपिटल. इंग्रजीत ते बटण देखणं होतं. मग मराठी आवृत्ती काढायचं ठरलं. भाषांतर आलं, कोडमध्ये भरलं, पडदा उघडला. ‘अर्ज सादर करा’ हे बटणात मावलं नाही आणि ‘अर्ज’वरचा रफार वरून कापला गेला. खाली ‘पुढे’मधला उकार अर्धा. अक्षरांतल्या त्या मोकळिकीने शिरोरेषेचे तुकडे पडले, जणू प्रत्येक अक्षर वेगळ्या गावचं. कॅपिटलचा ठसठशीतपणा तर गेलाच, कारण देवनागरीत लहान-मोठी लिपी नाही. एका सहकाऱ्याने सुचवलं, “मराठीपुरतं अक्षर बारीक करू.” तेच केलं गेलं. ज्या वाचकासाठी आवृत्ती काढली त्यालाच सर्वांत बारीक अक्षर मिळालं. त्या निर्णयाला मी तेव्हा विरोध केला नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

चूक मराठीच्या टप्प्यावर झाली नव्हती. ती पहिल्या दिवशी झाली होती, उंची ठरवताना. देवनागरीला शिरोरेषेच्या वर जागा लागते: वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार. खाली लागते: उकार, ऋकार, पाय मोडून एकाखाली एक बसणारी जोडाक्षरं. शिशाच्या काळात या प्रश्नाने मुद्रकांची झोप उडवली होती. अखंड खिळा ओतायचा की मुंबईच्या डिग्री पद्धतीने वरखालची चिन्हं वेगळी जोडायची, यावर पिढ्या खर्ची पडल्या. बापूराव नाईक यांनी देवनागरी मुद्राक्षरांवर तीन खंडांचा ग्रंथ लिहिला. तो १९७१ मध्ये मुंबईच्या भाषा संचालनालयाने काढला. म्हणजे ज्ञान आपल्याच घरात होतं. गूगलच्या मटीरिअल डिझाइननेही सुरुवातीच्या काळातच लिप्यांचे गट करून हिंदीसारख्या भाषांना ‘उंच’ गटात टाकलं होतं आणि ओळींत जास्त अंतर सुचवलं होतं. आम्ही दोन्ही वाचलं नव्हतं.

आता मी ज्या टीममध्ये आहे तिथे बटणाला उंची नसते, आतल्या मजकुराभोवती अंतर असतं. मजकूर वाढला की बटण वाढतं. ओळींतलं अंतर लिपीप्रमाणे बदलणारं टोकन आहे. देवनागरी असेल तिथे अक्षरांतली मोकळीक शून्य. कुठलाही कम्पोनंट तपासताना इंग्रजी नमुना मजकुराच्या आधी आमची एक यादी घालतो: ऱ्हास, कुऱ्हाड, हृद्य, द्वंद्व, सर्वेंद्रियं, ॲक्युपंक्चर. ही अक्षरं धड दिसली की बाकीची दिसतात. ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’ यांत डोंगर आणि समुद्राएवढा फरक आहे आणि तो दाखवू न शकणारा फाँट आम्ही घेत नाही. चांगल्या फाँटची आज वानवा नाही. मुंबईच्या ‘एक टाइप’ने केलेला मुक्त परवान्याचा ‘मुक्ता’ आहे, गूगलचा ‘नोटो’ आहे.

आणखी एक गोष्ट, जी एका ओळीत होते आणि तरीही राहून जाते. पानाची भाषा मराठी आहे असं कोडमध्ये नोंदवावं लागतं. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९च्या निर्णयाने मराठीच्या लिपीचं प्रमाणीकरण केलं. मराठी वळणाचे पाकळीचा ल आणि देठाचा श आपल्याला शाळेपासून ओळखीचे आहेत. अनेक फाँटमध्ये हिंदी वळण आणि मराठी वळण दोन्ही असतात. कोणतं दाखवायचं हे ब्राउझर त्या नोंदीवरून ठरवतो. स्क्रीन रीडरही मराठी आवाज निवडतो तो त्यावरूनच. ती नोंद इंग्रजी राहिली की दृष्टिहीन माणसाला मराठी मजकूर इंग्रजी आवाजात, मोडून-तोडून ऐकू येतो किंवा येतच नाही. सिस्टमच्या मूळ पानात ही ओळ बरोबर असेल तर हजार पानांत बरोबर असते.

* * *

पुन्हा साताऱ्याला जाते. जन्मतारखेनंतर मोबाइल नंबर होता. मावशीचा कीबोर्ड मराठी, अर्जाचं पान मराठी. तिने ९, ८ असे आपले मराठी आकडे लिहिले. खाली लाल अक्षरांत इंग्रजी ओळ आली. तिने चष्मा पुसला, आकडे एकेक करून माझ्याकडून तपासून घेतले आणि म्हणाली, “बरोबर आहेत गं सगळे.” बरोबरच होते. जावास्क्रिप्ट या वेबच्या भाषेत ‘अंक’ ओळखायचं जे नेहमीचं चिन्ह आहे, त्याला फक्त इंग्रजी अंक अंक वाटतात. युनिकोडमध्ये देवनागरी शून्य ते नऊ सलग बसवलेले आहेत, त्यांचं रूपांतर करायला कोडच्या दोन ओळी पुरतात. पण त्या दोन ओळी लिहायचं सुचायला आकड्यांचा कम्पोनंट करणाऱ्याने एकदा तरी मराठी कीबोर्ड उघडलेला असावा लागतो. ब्रिटिश टीमला हा प्रश्न पडला नाही, कारण तिथे तो नाही. त्यांची चौकट जशीच्या तशी उचलून आणली तर तीही मावशीला अडवील. उसनी घ्यायची ती त्यांची शेजारी बसून पाहण्याची सवय.

अक्षरं मोजण्याचंही तसंच. ‘तक्रार २०० अक्षरांत लिहा’ असं अर्ज म्हणतो. ‘महाराष्ट्र’ या शब्दात आपल्या लेखी चार अक्षरं आहेत: म, हा, रा, ष्ट्र. संगणक तिथे दहा मोजतो, कारण काना वेगळा, हलन्त वेगळा. इंग्रजीत लिहिणाऱ्याला २०० अक्षरांत चार ओळी मिळतात. मराठीत लिहिणाऱ्याची व्यथा अर्ध्यावर तुटते. वेल्श भाषेत एकवचन-बहुवचनाचे सहा प्रकार सांभाळावे लागतात, आणि त्या गरजेपोटी ब्रिटिश सिस्टमने ‘इतकी अक्षरं उरली’ हा संदेश भाषेप्रमाणे बदलता येईल अशी सोय केली. लहान भाषेने मोठ्या सिस्टमला शहाणं केलं. मराठी तर लहान भाषाही नाही.

आणि नाव. पहिलं नाव, मधलं नाव, आडनाव अशा तीन चौकटी आपल्या इतक्या अंगवळणी पडल्यात की त्या निसर्गनियम वाटतात. महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांत स्वतःचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव असा क्रम लागू झाला. माझ्या मते हा फार चांगला निर्णय आहे. पण त्या दिवशी तीन चौकटींचे किती अर्ज तोकडे पडले असतील! शाळाप्रवेश, लसीकरण, शिष्यवृत्ती, विमा. ज्या टीमकडे ‘नाव’ हा एकच पॅटर्न एकाच ठिकाणी असेल तिला एक दुरुस्ती करून नवी आवृत्ती देता येते. बाकीच्यांना अर्ज शोधत फिरावं लागतं. ब्रिटिश सिस्टम सांगते की जमेल तिथे पूर्ण नावासाठी एकच चौकट द्या, आणि उपाधी विचारायचं टाळा. श्री., सौ., कु. यांपैकी एक निवडल्याशिवाय पुढे जाऊ न देणारा अर्ज बाईला तिचं लग्न झालंय की नाही हे विचारत असतो, तेही वीजबिलाच्या तक्रारीसाठी. ते काढून टाकायला कुणाच्या परवानगीची गरज नाही.

भारत सरकारनेही या दिशेने पावलं टाकली आहेत. सरकारी संकेतस्थळांसाठीची मार्गदर्शक तत्त्वं २००९ मध्ये आली, पुढे सुधारली गेली. २०२५च्या फेब्रुवारीत सर्व मंत्रालयांसाठी एक समान डिजिटल ओळख ठरवणारी पुस्तिका जाहीर झाली. रंग आणि बोधचिन्ह एकसारखं होणं ही सुरुवात आहे. तारीख, नाव, आकडा, चूक दाखवणारा संदेश यांच्याबद्दल बावीस भाषांत तपासलेले, कारणांसह लिहिलेले निर्णय हे खरं काम, आणि ते अजून व्हायचं आहे.

हे काम टिकत का नाही, त्याबद्दल दोन शब्द. बहुतेक कंपन्यांत डिझाइन सिस्टम प्रकल्प म्हणून सुरू होते. सहा महिने उत्साह, एक झगमगीत सादरीकरण, मग त्या टीमला दुसऱ्या कामावर नेतात. बटणात उणीव दिसली तर सांगायचं कुणाला हे ठरलेलं नसतं. डिझाइनर फिग्मा या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये मूळ कम्पोनंटपासून आपली प्रत तोडून घेतो. आमच्या बोलीत ‘डिटॅच केलं’. त्याला दोष देऊन उपयोग नाही; स्प्रिंट, म्हणजे कामाचा ठरलेला टप्पा, संपत आलेला असतो आणि दार ठोठावलं तरी आत कुणी नसतं. वर्षभरात सिस्टम नावापुरती उरते. ज्या मोजक्या ठिकाणी ती जिवंत पाहिली तिथे तिला कायमची माणसं होती, त्यांत मजकूर लिहिणारं कुणीतरी होतं, सुगम्यतेचं जाणणारं कुणीतरी होतं, आणि तोडलेली प्रत दिसली की पहिला प्रश्न ‘तुला काय कमी पडलं?’ हा असे. महाराष्ट्रातल्या कंपन्यांनी आणि कार्यालयांनी या यादीत अजून एक माणूस घालावा: मराठीत विचार करणारा, आणि ज्याच्या सहीशिवाय कम्पोनंट बाहेर पडणार नाही असा. शेवटी भाषांतर करायला बोलावलेल्या माणसाच्या हाती तेव्हा काहीच उरलेलं नसतं.

वाचकांनाही एक विनंती आहे. तुमच्या फोनवर शिरोरेषा तुटलेली दिसली, मराठी आकडा नाकारला गेला, आजीची जन्मतारीख कॅलेंडरात हरवली, तर पडद्याचा फोटो काढा आणि त्या ॲपच्या किंवा खात्याच्या तक्रार विभागाला पाठवा. काय लिहिलं, काय झालं, एवढ्या दोन ओळी सोबत पुरतात. आमच्याकडे अशी एक तक्रार नोंदली गेली की ती यादीत बसते, आणि यादीत बसलेली गोष्ट कधीतरी कुणाला तरी उत्तर द्यायला लावते. मावशी अडली त्या दोन्ही पडद्यांचे फोटो मी तिच्या नावाने पाठवले आहेत. उत्तर अजून आलेलं नाही.